सव्वातीन फूट

महिपतीच्या घरातली प्रत्येक जड वस्तू माणसाच्या अंगावरून आत आलेली होती. गॅसची टाकी खांद्यावरून आली, बायको शांतीचं लोखंडी कपाट चौघांच्या हातांवरून आलं, आणि फ्रीज दोन बांबूंना बांधून आला. फ्रीज येताना हैबतरावाच्या भिंतीला घासला आणि फ्रीजच्या दारावर एक लांबलचक ओरखडा पडला. घरी पाहुणा आला की महिपती त्याला आधी तो ओरखडा दाखवायचा, पाणी नंतर द्यायचा.

"ह्यो बघा," म्हणायचा. "ह्यो आमच्या भावाचा आहेर."

वरसे गाव आता रोह्याला असं चिकटलंय की गाव कुठं संपतं आणि शहर कुठं सुरू होतं ते पोस्टमनलाच विचारावं. भाताच्या खाचरांत इमारती उभ्या राहिल्या, काल-परवा भाड्यानं राहायला आलेल्या माणसाच्या दारात चारचाकी उभी राहिली. आणि पिढ्यान् पिढ्या इथंच भात आणि वाल पिकवलेल्या घराण्यातल्या महिपतीच्या दारात मात्र हातगाडीसुद्धा येत नव्हती. रस्त्याला लागून चुलतभाऊ हैबतरावाचं घर, त्याच्या मागं महिपतीचं. मधली वाट बहात्तर पावलांची, आणि रुंदीला पावणेपाच फूट.

हे आकडे महिपतीला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. धाटावच्या एका कंपनीत त्यानं तीस वर्षं बॉयलरवर काढली. दर तासाला काटे बघायचे आणि आकडा वहीत मांडायचा, ही नोकरी. त्यामुळे जगातली कुठलीही तक्रार आकड्यात सांगता आली पाहिजे, असं त्याचं मत झालं होतं. खिशात मोजायची टेप असायची. लग्नाच्या मांडवात कुणी "कसं काय महिपती?" असं नुसतं विचारलं, तरी टेप बाहेर यायची. मग लोक विचारेनासे झाले.

ही वाट मुळात अशी नव्हती. महिपतीचा आजा बाबाजी यानं अडुसष्ट साली दोन मुलांच्या वाटण्या केल्या, तेव्हा ती अकरा फूट होती. बाबाजीकडे टेप नव्हती आणि असती तरी त्यानं ती वापरली नसती. त्यानं काय केलं, तर कापणी झाल्यावर भाताच्या भाऱ्यांनी गच्च भरलेली बैलगाडी आणून वाटेत उभी केली. गाडीच्या दोन्ही अंगांना भारे जिथपर्यंत लोंबत होते, त्याच्या वीतभर पलीकडे पांगाऱ्याचे दोन ओले खुंट रोवले, मुळं धरून झाडं होणारे. म्हणाला, "रिकामी गाडी तर कुठूनबी जाते. भरलेली गेली पायजे." रस्त्याकडचा भाग धाकट्या केरूला, म्हणजे हैबतरावाच्या बापाला. मागचा भाग थोरल्या कान्हूला, म्हणजे महिपतीच्या बापाला, आणि रस्त्याकडची बाजू हातची गेली म्हणून वाटेच्या कडेचं भाजीपाल्याचं परडंही त्यालाच. वाट दोघांची. रोह्याला कागद झाला, त्यावर लिहिणाऱ्यानं 'वहिवाटीप्रमाणे सामाईक गाडीवाट' एवढंच लिहिलं. किती फूट ते लिहिलं नाही. त्या दोन पांगाऱ्यांच्या रेषेत वाटेच्या दोन्ही बाजूंना वई घातली गेली. डाव्या बाजूची वई केरूची, उजव्या बाजूची, परड्याची, कान्हूची.

वई म्हणजे काय भिंत नव्हे. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात. त्याआधी भाजीपाल्याच्या कडेनं खुंट रोवायचे, त्यांत करवंदीच्या काटेरी फांद्या भरायच्या आणि वेलानं करकचून बांधायच्या. दर वर्षी नवी. आणि खुंट रोवायचा एक नियम आहे, तो इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. जुन्या भोकात नवा खुंट रोवायचा नाही, वाळवी लागते. त्याच्या शेजारी चार बोटं सोडून नवं भोक पाडायचं. आता शेजारी म्हणजे कुठल्या अंगाला? आतल्या अंगाला तर वांगी-भेंडी लावलेली. मग पहार आपोआप बाहेरच्या अंगाला, वाटेकडे पडते. ह्यात कुणी चोरी करत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा चार बोटं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा चार बोटं. शहाऐंशी साली बैलगाडी विकली. तोवर भरलेली गाडी दर वर्षी दोन्ही बाजूंच्या वईला हटकत होती. कुठं काटा भाऱ्याला लागला की बाबाजीच्या नावानं शिव्या देत खुंट मागं घेतला जाई. गाडी गेली आणि हटकणारं कुणी उरलं नाही. मग वाटेनं माणसं जात होती, सायकल जात होती, पुढं मोटारसायकल जाऊ लागली. वाट आवळत चाललीय हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते दोन हजार तीन साली. महिपती पहिल्या शिफ्टहून दुपारी घरी आला तर हैबतरावाच्या बाजूची वई गायब. तिच्या जागी चिऱ्याच्या दोन थरांची भिंत उभी, आणि गवंडी तिसऱ्या थराला सिमेंट लावत होता.

"हैबत्या, हे काय चाललंय?"

"कंपाउंड, दादा. दर वर्षी वई घालायला आता माणूस मिळतो का? जिथं वई हुती तिथंच बांधतोय. एक इंच पुढं नाय."

"अरे, वाट किती ऱ्हायली बघ की! माझ्या दारात गाडी कशी येणार?"

"तुझ्याकडं गाडी कुठाय, दादा?"

हा प्रश्न त्यानं काही टोचायला विचारला नव्हता, हैबतरावाचा स्वभावच तसा. पण महिपतीच्या डोक्यात तो खिळ्यासारखा बसला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा टेप लावली. पावणेपाच फूट.

आता गाडी नव्हती हे खरं, पण गाडीचं कारण घरात होतं. महिपतीचा एकुलता एक मुलगा जगन धरमतरला जेटीवर नोकरीला लागला होता. बार्जमधून माल उतरवायचं काम, तेही शिफ्टचंच. पेणला भाड्याच्या खोलीत बायकोला घेऊन राहायचा. त्याला घर बांधायचं होतं, आणि वडिलोपार्जित जागेवरच बांधायचं होतं. जाऊन-येऊन नोकरी करायची तयारी होती. एका रविवारी येऊन त्यानं बापाला स्पष्ट सांगितलं.

"बाबा, मी हितंच बांधतो. पण रेती, चिरा, सळई, सगळं टेंपोनं दारात उतरलं पायजे. रस्त्यावरून डोक्यावर वाहून घर बांधून द्यायला कुणी तयार नाय. वाटेचं तेवढं बघा."

"बघतो," महिपती म्हणाला. "तू काय काळजी करू नको."

मुलगा परत येणार, नातवंडं अंगणात खेळणार, ह्यासाठी एक टेंपो दारात यायला हवा होता. एवढंच काय ते मागणं, आणि ते भिंतीपाशी अडलं होतं.

त्या रात्रीच्या जेवणाला शांतीनं एक गोष्ट सुचवली. शांती कमी बोलणारी बाई, पण बोलली की ताटात वाढल्यासारखं समोर ठेवायची.

"अवो, आपलीच वई मागं घ्या की. त्यांची ती भिंत ऱ्हाऊ दे. आपल्या परड्यातली भेंडीची एक ओळ जाईल, दुसरं काय?"

महिपतीनं हातातला घास ताटात टाकला. "मी का घेऊ? भिंत त्यानं बांधली आणि मागं मी सरू? उद्या म्हणशील घरबी त्यालाच द्या!"

"घराचं कुठं म्हटलं मी?"

"तुला कळत नाय त्यातलं."

शांतीनं ताट उचललं. तिला त्यातलं सगळं कळत होतं, पण कळणाऱ्या बाईला आपल्याकडे कोण विचारतं!

महिपतीनं तहसीलदाराकडे अर्ज केला. वडिलोपार्जित गाडीवाट अडवली, अडथळा दूर करून मिळावा. मग तारखा सुरू झाल्या. एका तारखेला साहेब मीटिंगला, एका तारखेला हैबतरावाचा वकील आजारी, एका तारखेला निवडणुकीचं काम, एका तारखेला फाइलच सापडेना. सापडली तेव्हा तिच्यात दुसऱ्याच कुणाच्या तरी विहिरीचे कागद होते. महिपती रजा टाकून जायचा. बाकावर बसायचा आणि संध्याकाळी बहात्तर पावलं चालून घरी यायचा. चालताना डाव्या हातानं हैबतरावाच्या भिंतीवर थाप मारायचा. हैबतराव अंगणात असला की दोघं एकमेकांकडे न बघता दोन्ही बाजूंनी खाकरायचे. गणपतीला एकमेकांच्या घरी आरतीला मात्र दोघं जायचे. आरती संपली की प्रसाद घेऊन पुन्हा न बोलता बाहेर पडायचे. ह्या माणसांचं भांडणसुद्धा धड नव्हतं.

अशी चार वर्षं गेली. जगन दर सणाला यायचा, मोटारसायकल वाटेत घालायचा, आणि विचारायचा, "काय झालं?" महिपती सांगायचा, "पुढच्या तारखेला फायनल." जगनला मुलगी झाली. मालू. बारशाला पाळणा खांद्यावरून आत आला.

अखेर साहेबांनी जागा पाहायला यायचं ठरवलं. साक्षीदार आणा, म्हणाले. महिपतीनं डोकं लढवलं आणि असा साक्षीदार दिला की वकीलही हबकला. धोंडुबाई. हैबतरावाची सख्खी आई, केरूची बायको, नव्वदीला आलेली. सुनेच्या हातचं खात होती, मुलाच्या घरात राहत होती. पण धोंडुबाई खोटं बोलत नाही, ही गोष्ट वरसे गावात सूर्य पूर्वेला उगवतो तितकी पक्की होती. वाट अकरा फूट होती, हे ती मुलाच्या तोंडावर सांगेल. मग हैबत्या काय करील? महिपतीनं त्या दिवशी कंपनीच्या समारंभात मिळालेला पांढरा शर्ट घातला.

साहेब आले, त्यांच्याबरोबर एक कारकून आणि टेप धरायला शिपाई आला. हैबतराव भिंतीला टेकून उभा होता. शांती परड्यात उभी होती. धोंडुबाईला खुर्चीवर बसवून वाटेच्या मधोमध आणलं. खुर्ची आडवी ठेवली तर बाजूनं कुणाला जाता येईना, मग उभी ठेवली.

"आजी," साहेब म्हणाले, "ही वाट पूर्वी किती रुंद होती, सांगता येईल?"

"त्यात काय सांगायचं हाय? भरलेली गाडी जात हुती."

"म्हणजे कुठून कुठपर्यंत?"

"पांगाऱ्यापास्नं पांगाऱ्यापातुर. मामंजींनी रोवलेले." तिनं काठी उचलून मुलाच्या भिंतीपलीकडं दाखवली. "ह्याचा पांगारा ह्यानं कापला. मोटारसायकलच्या शेडमधी त्याचं बुड हाय अजून. बघा जाऊन."

शिपाई गेला, बघून आला. बुड होतं, भिंतीपासून तीन फूट आत. महिपतीच्या छातीत आनंद मावेना. त्यानं हैबतरावाकडे असं पाहिलं की बघणाऱ्यालाच लाज वाटावी.

"आणि दुसरा पांगारा?" साहेबांनी विचारलं.

धोंडुबाईनं काठी फिरवली. ती महिपतीच्या परड्याकडे आली, वईवरून आत गेली, भेंडीच्या ओळीवरून पलीकडे गेली आणि एका झाडावर थांबली. चांगला दोन पुरुष उंच पांगारा. त्याच्यावर घेवड्याचा वेल चढला होता. त्याच्या फांदीला शांतीची कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती, आणि दोरीवर महिपतीची कंपनीची निळी पँट वाळत होती.

"त्यो काय," धोंडुबाई म्हणाली. "महिपती, तूच तर पहार धरली हुतीस. विसरलास? ह्या दोघांत चोर कोन म्हनून मला काय विचारता, साहेब? हा एक आनि त्यो दुसरा."

शिपायानं टेप लावली. पांगाऱ्यापासून महिपतीच्या वईपर्यंत सव्वातीन फूट. कारकुनानं आकडा लिहिला.

महिपतीला आठवलं. अठरा वर्षांचा होता, तळहाताला फोड आले होते आणि आजा म्हणाला होता, "खोल घाल, लेका, ह्यो मरायला नाय लावत मी." त्यानंतर गाडी विकल्यापासून भिंत होईपर्यंत दर हिवाळ्यात त्याच्या घरच्या वईचे खुंट कुणी रोवले होते? त्यानंच. पहार कुणी वाटेकडे पाडली होती? त्यानंच, दर वर्षी चार बोटं. आणि आकड्यांच्या ह्या माणसानं वाट शंभरदा मोजली होती, पण आपल्या वईपासून आतल्या बाजूला टेप एकदाही लावली नव्हती. संताप आला त्याला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तो शांतीवर ओरडला, "ती पँट काढ तिथली!"

साहेबांचा हुकूम झाला. दोघांनीही मूळ पांगाऱ्यापर्यंत मागं सरावं. हैबतरावानं वर अपील केलं आणि भिंतीला स्थगिती आणली. इथं एखादा शहाणा माणूस असता तर काय करता? पावणेपाचात आपले सव्वातीन मिळवता. आठ फूट होतात. आठ फुटांतून टेंपो आरामात जातो. हा हिशेब शांतीनं बोटांवर केला, जगननं फोनवरून केला, टपरीवरच्या चहावाल्यानंसुद्धा केला. महिपतीनं केला नाही असं नाही, पण तो म्हणाला, "हुकूम दोघांना हाय. त्यो आधी भिंत पाडील, मग मी वई काढीन. मी आधी सरलो तर गावात काय ऱ्हातंय माझं?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," शांती म्हणाली.

"तू गप!"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभ अजून जळतच होता. आणखी चार वर्षं गेली. महिपती निवृत्त झाला आणि आता रोजच वाट मोजायला मोकळा झाला. धोंडुबाई गेली. स्मशान महिपतीच्या घरामागं, खाचरांपलीकडं, म्हणून तिला वाटेनं आत खांद्यावरून नेताना पावणेपाच फुटांत चौघं जण आडवेतिडवे होत गेले. पुढच्या डाव्या खांद्याला हैबतराव होता, उजव्या खांद्याला महिपती, आणि दोघांचेही बाहेरचे कोपर खरचटले. एकाचं भिंतीनं, एकाचं काट्यांनी. तरीही दुसऱ्या दिवशी वाट तेवढीच होती.

बारा सालच्या दिवाळीनंतर जगन आला. अंगणात बसला, मोबाइल उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "बाबा, पेणला फ्लॅट घेतला. दुसरा माळा. खाली पार्किंग हाय."

"अरे, पुढच्या तारखेला..."

"मालू आता शाळेत जाते, बाबा. नऊ वर्षं झाली." तो चिडून बोलला असता तर महिपतीला परत चिडता आलं असतं. तो नुसता सांगत होता. "तुमच्या सुनेला नोकरी लागलीय. आई आली तर बरं व्हईल. तुमीबी चला."

"माझी तारीख हाय," महिपती म्हणाला.

शांती घरात होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"मी येते, जगन. पण माझं कपाट घेऊन येते." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ते कपाट माझ्या बापाचं, भिंत झाल्यावर माहेरनं आलेलं. चार मानसांच्या हातांवरनं आत आलं, पाय मोडून आलं. जाताना गाडीतनं जाईल. टेंपो हितं, ह्या दारात उभा राहील तवाच मी निघेन. नायतर तुमची वाट तुमाला नि माजं कपाट मला."

चाळीस वर्षांत तिनं एवढं सलग बोललेलं महिपतीला आठवत नव्हतं.

रविवारी सकाळी टेंपो येणार होता. महिपती सहाला उठला. कोयता घेतला, पहार घेतली आणि परड्यात गेला. वईचे वेल तोडले, करवंदीचे काटे ओढून बाजूला टाकले, खुंट एकेक करून उपटले. अर्धे तर वाळवीनं खाल्लेले होते, हात लावताच निघाले. भेंडीची ओळ काढली. जमीन पायानं दाबून सपाट केली. अंगावर ओरखडे आले, घाम आला, आणि आठ वाजता बघतो तर काम संपलेलं. करायला काही उरलंच नव्हतं. तो पांगाऱ्याला हात टेकून उभा राहिला.

टेंपो आला. चालकानं रस्त्यावरून आत डोकावून पाहिलं आणि गाडी उलटी घातली. तेवढ्यात हैबतराव बनियनवर बाहेर आला. गाडी मागं येताना पाहिल्यावर इथला माणूस गप्प उभा राहूच शकत नाही. तो भिंतीपाशी उभा राहून हात हलवू लागला.

"येऊ दे... येऊ दे... डावीकडं मार थोडी. येऊ दे. जागा हाय, भरपूर जागा हाय. येऊ दे... बस!"

टेंपो महिपतीच्या दारात उभा होता. बाबाजीची भरलेली गाडी बंद झाल्यापासून त्या दारात आलेलं हे पहिलं मालाचं वाहन. कपाट चढलं, पिठाचा डबा चढला, शांतीच्या दोन पेट्या चढल्या, ओरखड्याचा फ्रीज तिनं नको म्हणून सांगितला. चालक दोरी बांधता बांधता म्हणाला, "काका, फोनवर उगाच घाबरवलंत. एवढ्या वाटेतनं तर ट्रकसुद्धा येईल."

शांती पुढं चालकाशेजारी बसली. "जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "तारीख झाली की या." टेंपो सरळ निघाला, कुठंही न घासता रस्त्याला लागला आणि पेणच्या बाजूला वळला.

वाटेत दोघं भाऊ उरले. नऊ वर्षांनी हैबतराव त्याच्याशी सरळ बोलला. "दादा, वहिनी परत कधी येनार?"

महिपतीनं सवयीनं खिशातली टेप काढली होती. ती त्यानं उघडली नाही. तो उपटलेल्या खुंटांच्या ढिगाकडे बघत होता.

"दोन तास लागले," तो म्हणाला. "हैबत्या, दोनच तास लागले रे."